फाटकाचा निकाल

"उघड, बाळा, उघड! पुण्यवान माणूस दारात उभा आहे, त्याला तिष्ठत ठेवू नकोस!"

फाटकबाबाने दोन्ही हात वर केले आणि चार क्विंटलचं लोखंडी फाटक घरघर करत बाजूला सरकलं. कुणी हात लावला नव्हता, कुणी बटण दाबलं नव्हतं. रस्त्यावर दाटीवाटीने उभ्या असलेल्या गर्दीत आधी शांतता, मग टाळ्या, मग हुंदके. खडूने आखलेल्या वर्तुळात उभा असलेला बेकरीवाला तर ओक्साबोक्शी रडायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी पुण्यवान म्हटलं होतं, आणि तेही एका फाटकाने.

मी समोरच्या कुंपणाला टेकून हे पाहत होते. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती आणि डोकं तापलेलं होतं. मी फाटकं दुरुस्त करते. आपोआप उघडणारी, आपोआप बंद होणारी, आणि या खाऱ्या, दमट हवेत बऱ्याचदा यातलं काहीच न करणारी. वीस वर्षं हाच धंदा आहे. मोटारीच्या पेटीत पालींनी घातलेली अंडी मी काढली आहेत, गंजून पापडासारख्या झालेल्या बिजागऱ्या बदलल्या आहेत, बोर्डावर चढलेली हिरवी बुरशी दातांच्या ब्रशने घासली आहे. फाटकात आत्मा काही मला अजून सापडला नव्हता. आणि हे फाटक तर मीच बसवलेलं होतं.

"या फाटकात आत्मा आहे," बाबा सांगत होता. "आत्म्याला नजर असते. नजरेला वजन असतं. आणि वजनाला न्याय असतो!"

याचा अर्थ काय, हे कुणीच विचारलं नाही. निवृत्त हेडमास्तर तर पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते. ज्या माणसाने चाळीस वर्षं पोरांना 'कारणे द्या' म्हणून छळलं, त्याला आज एकही कारण नको होतं.

"पुढची!" बाबाचा चष्मेवाला चेला ओरडला.

पुढची म्हणजे माझी धाकटी बहीण. या घराची सून. चेल्याने काळ्या कापडाने झाकलेलं एक तबक तिच्या हातात ठेवलं. प्रत्येकाला असंच झाकलेलं तबक मिळायचं. ते वर्तुळात जमिनीवर ठेवायचं, हात जोडायचे आणि निकालाची वाट बघायची. आत काय आहे ते बघायचं नाही, कापड उचललं तर आत्मा कोपतो म्हणे.

धाकटीने तबक ठेवलं, हात जोडले. फाटक ढिम्म. बाबाने हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. फाटकाच्या गजांमागे तिची पाच वर्षांची मुलगी उभी होती. ती म्हणाली, "आई, ये ना गं." शेजारी उभ्या असलेल्या आजीने तिला मागे ओढलं आणि स्वतःही मान फिरवली.

"दुसरा नकार!" बाबा गरजला.

आता हे सगळं झालं कसं, ते थोडक्यात सांगते. धाकटीच्या सासऱ्यांनी आयुष्यभर बंदरात क्रेन चालवली. म्हातारपणी अंगावरून वारं गेलं आणि ते चाकाच्या खुर्चीत आले. चार वर्षं धाकटीने त्यांचं सगळं केलं. खाणंपिणं, अंघोळ, गोळ्या, आणि रोज संध्याकाळी खुर्ची ढकलत बांधावर, समुद्र बघायला. दोन महिन्यांपूर्वी ते झोपेतच गेले. त्यानंतर फाटक सकाळच्या धुक्यात कधीकधी आपोआप उघडायला लागलं. विहीणबाई, म्हणजे धाकटीच्या सासूबाई, धावत बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, "हे आले!" रिकाम्या रस्त्याकडे बघत दहा-दहा मिनिटं उभ्या राहायच्या. चहाचा कप फाटकापाशी आणून ठेवायच्या.

धाकटी एवढंच म्हणाली होती, "आई, दमट हवेने काहीतरी बिघडलंय. ताईला बोलावून दाखवू या."

त्याआधीच बाबा पोचला होता. कुठून आला कुणास ठाऊक, पण विहीणबाईंच्या चहाची बातमी त्याने ऐकली आणि आठवड्याभरात सासऱ्यांच्याच खोलीत गादी टाकली. त्यानंतर फाटक उगाच उघडायचं थांबलं. आता ते फक्त रविवारी, बाबाच्या सांगण्यावरून उघडायला लागलं. "आत्मा माझ्या आज्ञेत आला आहे," बाबा म्हणाला. आणि आज्ञेतल्या आत्म्याने सगळ्यात आधी काय केलं असेल? जी सून फाटक दाखवून घेऊ या म्हणत होती, तिच्यासाठी उघडायला नकार दिला. सासऱ्यांच्या मरणात हिचा हात आहे, असा त्याचा अर्थ बाबाने लावला. तीन रविवारी तीन संधी. तिसऱ्यांदाही फाटक अडलं तर सुनेचा या घराशी संबंध संपला, मुलगी मात्र घरातच राहणार. पहिल्या नकारानंतरच धाकटीला पिशवी भरून माझ्याकडे यावं लागलं होतं.

धाकटीचा नवरा काय करत होता, असं विचाराल. तो वाईट माणूस नाही. तो "आईचं मन सांभाळायला हवं" म्हणत होता. कुणाचं मन मोडून ते सांभाळायचं, एवढाच विचार त्याने केला नव्हता.

तर दुसरा नकार झाला आणि माझा संयम सुटला. मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले.

"रिमोट आहे," मी ओरडले. "या चेल्याच्या खिशात नाहीतर बाबाच्या झोळीत. हवं तेव्हा दाबतात, नको तेव्हा दाबत नाहीत. एवढाच तुमचा आत्मा!"

गर्दी कुजबुजली. मला वाटलं, बाबाच्या तोंडचं पाणी पळेल. तो हसला.

"ये, पोरी. पेटी उघड. तुला हवं ते काढून घे. आत्मा काय तुझ्या पेटीवर बसलाय?"

हा इतका निवांत कसा, हे मी तेव्हाच स्वतःला विचारायला हवं होतं. मी गजांतून हात घालून कुलूप काढलं, पेटी उघडली, रिमोटचा इशारा पकडणारी पट्टी उपटून सगळ्यांसमोर खिशात घातली. बाजूला काळ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या दोन वायरी दिसल्या. त्या काय आहेत ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"आता उघडून दाखवा," मी म्हणाले.

औषधाच्या दुकानवाल्याची बायको वर्तुळात आली. तिने तबक ठेवलं, हात जोडले. बाबाने हात वर केले.

फाटक उघडलं.

त्यानंतरचा गलका मी सांगत नाही. कुणीतरी माझी पिशवी ओढली, कुणी म्हणालं, "हिच्या बहिणीचं पाप हिलाही लागलंय." मी धाकटीला वाचवायला गेले होते आणि तिच्या गळ्यातला फास मीच घट्ट करून आले होते.

माझं वर्कशॉप म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतलं एक लांब टेबल. त्यावर उघड्या मोटारी, तेलाचे डबे, गंज घासायचे ब्रश. मंगळवारी मी तिथे एका हॉटेलच्या फाटकाची मोटार सोडवत होते. धाकटी समोर स्टुलावर बसली होती. बराच वेळ तिने एकच स्क्रू बोटांत फिरवला आणि मग म्हणाली, "ताई, माझंच काही चुकलं असेल का गं? शेवटच्या दिवशी मी त्यांना गोळी दहा मिनिटं उशिरा दिली होती."

माझ्या हातातला पाना खाली पडला. त्या बाबाचा मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला, तर याचा. चार वर्षं म्हाताऱ्याला अंगाखांद्यावर वागवणारी बाई आता दहा मिनिटांचा हिशोब मांडत बसली होती. त्याने तिला नुसतं घराबाहेर काढलं नव्हतं, तिच्या डोक्यात स्वतः जाऊन बसला होता.

"पुन्हा असं बोललीस तर थोबाडीत देईन," मी म्हणाले. मग तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो.

बुधवारी दुपारी मी फाटकाशी गेले. बाबा आणि चेला जेवून घोरत असणार, हे मला माहीत होतं. पलीकडून माझी भाची पळत आली आणि गजांना बिलगली.

"मावशी, आई कधी येणार?"

"फाटक उघडलं की."

"ते नाही उघडणार," ती अगदी समजावल्यासारखं म्हणाली. "आईचं ताट बोलतच नाही. बेकरीवाल्या काकांनी ठेवलं तेव्हा ठण्ण झालं. औषधवाल्या काकूंनी ठेवलं तेव्हा पण ठण्ण झालं. आईचं नुसतं थप होतं. मग फाटकाला कळणार कसं, कुणी आलंय ते?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. दोनशे मोठी माणसं बाबाच्या हातांकडे बघत होती. पाच वर्षांची पोर आईच्या हातांकडे बघत होती.

आणि मग मला माझी लाज वाटली. कारण उत्तर चार वर्षांपासून माझ्याच डोक्यात होतं. सासरे खुर्चीत आले तेव्हा त्यांचं एकच मागणं होतं. "फिरून आलो की दारात भिकाऱ्यासारखं उभं राहायचं नाही. खुर्ची आली की फाटक उघडलं पाहिजे." म्हणून मी फाटकाबाहेर, बाजूला, फरशीखाली तारेचं एक छोटं वेटोळं पुरलं. आमच्या धंद्यात त्याला लूप म्हणतात. त्याच्यावर धातू आला की फाटकाला इशारा जातो. मोठ्या फाटकांना ते गाडी ओळखण्यासाठी असतं, हे मी खुर्चीपुरतं केलं आणि धातू ओळखण्याची त्याची क्षमता शक्य तितकी वाढवून ठेवली. "एखादा चोर लोखंडी पहार घेऊन येईल," मी बजावलं होतं. म्हातारा म्हणाला, "येऊ दे, गप्पा मारायला कुणीतरी मिळेल."

मग मला हे दुसऱ्या रविवारी आठवलं कसं नाही? आठवलं होतं. पण या किनाऱ्यावरच्या आम्हा सगळ्या फाटकवाल्यांचं एक ठाम मत आहे. लूप इथे दोन पावसाळ्यांपलीकडे जगत नाही, जोड सडतो, संपलं. चार वर्षांची लूप म्हणजे मेलेलीच, तपासायची गरज नाही. गर्दी बाबाचं ऐकून खात्री बाळगून होती, मी धंद्याचं ऐकून. दोघांनीही बघितलं नव्हतं.

मी हत्यारांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण काढलं आणि खडूच्या वर्तुळात ठेवलं. ठण्ण. फाटक घरघरत उघडलं. भाचीने टाळ्या पिटल्या. मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि आत शिरून पेटी उघडली. काळी टेप सोडवली. सगळीकडे हिरवा गंज आणि त्या दोन वायरींवर मात्र सोल्डरचा चकचकीत नवा डाग. कुणीतरी ओला झालेला जोड कापून, नीट घासून पुन्हा जोडला होता. काम स्वच्छ होतं. चष्मेवाला चेला पूर्वी कुठे काय करत होता, ते मला त्या जोडाने सांगितलं. धुक्यात फाटक उगाच उघडायचं ते ओल्या जोडामुळे. याने जोड सुकवला, आणि आत्मा बाबाच्या आज्ञेत आला.

संध्याकाळी मी धाकटीला सगळं सांगितलं. तिला आधी हसू आलं, मग रडू, मग पुन्हा हसू.

"आता सोपं आहे," मी म्हणाले. "रविवारी जाताना मी तुला पत्र्याचा एक पातळ तुकडा देते. तबकाखाली धरून ठेव. फाटक उघडेल, बाबाचं तोंड बघण्यासारखं होईल, आणि तू घरी."

तिने मग मान हलवली.

"नको, ताई."

"नको म्हणजे?"

"फाटकाने आज मला पास केलं, तर उद्या दुसरीला नापास करेल. त्या भाजीवालीला केलंच ना? ती बाबाला हसली, एवढाच तिचा गुन्हा. आणि मी काय सांगू मुलीला? तुझी आई चांगली आहे, फाटकाने सांगितलं?" तिचा आवाज चढत गेला. "मी त्या माणसाची चार वर्षं सेवा केली. मला लोखंडाकडून दाखला नकोय!"

आमच्या घरात हट्टी म्हणून माझी ख्याती. त्या दिवशी ती मी धाकटीच्या नावावर करून टाकली.

तिसऱ्या रविवारी गर्दी दुप्पट होती. शेजारच्या वस्त्यांतूनही माणसं आली होती, काही तर घरून खुर्च्या घेऊन. एका बाईला कायमचं घराबाहेर काढताना बघायचं होतं ना, मग उभं कशाला राहायचं! बाबा नवी शाल पांघरून उभा होता. विहीणबाई आत, नातीचा हात धरून. धाकटीचा नवरा खाली मान घालून.

"पापिणीला पुढे आणा," बाबा म्हणाला. चेल्याने तबक पुढे केलं.

धाकटीने ते घेतलं नाही. ती मागे वळली आणि गर्दी आपोआप दुभंगली. मी रस्त्याच्या कडेला चाकाची खुर्ची घेऊन उभी होते. सासऱ्यांचीच. ते गेल्यावर घरच्यांनी ती कोपऱ्यावरच्या दवाखान्याला देऊन टाकली होती, डॉक्टरांनी दोन तासांसाठी परत दिली. धाकटीने दोन्ही मुठी धरल्या आणि रिकामी खुर्ची ढकलत, नेहमी बांधावरून परत यायची तशी, वर्तुळात आणली.

बाबाने हात वरही केले नव्हते. फाटक उघडलं.

आणि मग जे झालं ते आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. गर्दीतून एकच आरोळी उठली, "म्हातारबा आले! खुर्चीत बसून आले!" माणसं भराभर गुडघ्यांवर. बाबा क्षणभर पांढरा पडला होता, पण गडी पक्का. त्याने लगेच आवाज लावला, "पाहिलंत! माझ्या मंत्राने मृतात्मा देह धरून..."

"बास!" मी इतक्या जोरात ओरडले की माझाच घसा बसला. काय करावं ते क्षणभर सुचेना. शेजारी नगरपालिकेचा कचऱ्याचा डबा होता. मी त्याचं पत्र्याचं झाकण उचललं, धाकटीला खुर्ची बाजूला घ्यायला लावली, फाटक बंद होऊ दिलं, आणि झाकण वर्तुळात टाकलं.

फाटक उघडलं.

"घ्या!" मी म्हणाले. "कचऱ्याच्या डब्याचं झाकण. पुण्यवान! पडा पाया!"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मला वाटतं भाजीवालीच. मी झाकण उचललं, फाटक बंद होऊ दिलं आणि बेकरीवाल्याला म्हटलं, "दादा, तुमचा भाजायचा ट्रे आणा." तो धावत गेला, आणला, ठेवला. फाटक उघडलं. आता हसू पसरायला लागलं. दगडाला घाबरणारी माणसंसुद्धा भाजायच्या ट्रेला घाबरत नाहीत. मग मी सांगितलं: जमिनीखाली तार आहे, मी पुरली आहे, खुर्चीसाठी. धातू आला की ती फाटकाला कळवते. तिला पाप कळत नाही, पुण्य कळत नाही, पितळ तेवढं कळतं.

"खोटं!" चेला ओरडला. "तबकं सगळी सारखीच आहेत!"

"मग कापड काढू या," हेडमास्तर म्हणाले.

ते उठून पुढे आले. बाबा आडवा आला, "आत्मा कोपेल!" मास्तरांनी त्याला वर्गातल्या पोरासारखं नजरेने बाजूला केलं आणि टेबलावरच्या दोन्ही चळती उघड्या केल्या. उजवीकडची तबकं पितळेची. डावीकडची लाकडाची, वजन भरावं म्हणून तळाशी वाळू भरलेली.

"ज्याने प्रश्न विचारला, त्याला डावीकडचं," मी म्हणाले.

बेकरीवाल्याने ट्रे उचलला आणि फाटक बंद झालं. मास्तरांनी एक लाकडी तबक उचललं आणि बाबाच्या हातात ठेवलं. "तुम्ही उभे राहा. वर्तुळात. आत्मा तुमच्या आज्ञेत आहे ना?"

"उभे राहा!" गर्दीतून आवाज आला. मग दुसरा. मग सगळेच. बाबाला जागा सोडायला वाव नव्हता. त्याने तबक ठेवलं. थप. हात वर केले. पाच मिनिटं तो माणूस हात वर करून उभा होता आणि चारशे माणसं फाटकाकडे टक लावून बघत होती.

"बाबा पण पापी!" माझी भाची आतून किंचाळली, आणि सगळा रस्ता हसला.

चेला केव्हाच सटकला होता. बाबा शाल सावरत, "तुमचं वाटोळं होईल" म्हणत गर्दीतून निघाला. "होऊ दे," मी म्हणाले, "पण जाताना म्हातारबांच्या खोलीतलं तुमचं बोचकं घेऊन जा."

हसणारे हसत होते. मी मात्र विहीणबाईंकडे बघितलं. त्या गज धरून उभ्या होत्या.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "सकाळी ते येत नव्हते?"

मला खोटं बोलता आलं असतं. एवढंसं खोटं, म्हाताऱ्या बाईसाठी. पण अशाच एवढ्याशा खोट्यावर त्या बाबाने मांडव घातला होता.

"नाही, विहीणबाई," मी म्हणाले. "धुक्याने जोड ओला व्हायचा. ते गेले. पण तुम्हाला त्यांच्याबद्दल काही विचारायचं असेल ना, तर फाटकाला कशाला विचारता? त्यांचं शेवटचं बोलणं ऐकलेलं माणूस दोन आठवडे तुमच्या दाराबाहेर उभं आहे."

त्या रडल्या. खूप रडल्या. बेकरीवाल्याने ट्रे पुन्हा वर्तुळात ठेवला आणि फाटक उघडलं. मग डोळे पुसून धाकटीला म्हणाल्या, "ये गं आत. चुकलं माझं. फाटक उघडलंय बघ तुझ्यासाठी."

धाकटी हलली नाही.

"ताई, बंद कर ते," ती म्हणाली. "आणि मोटार सोड."

मला कळलं. मी आत गेले, ट्रे काढायला लावला, फाटक सरकत येऊन बंद झालं. मोटारीच्या बाजूला एक चावी असते, वीज गेली तर वापरायची. ती फिरवली की मोटार फाटकाला मोकळं सोडते. मग ते ना कुणाला ओळखतं, ना अडवतं. चावी आधी फिरेना, खाऱ्या हवेने धरली होती. तेलाचे दोन थेंब टाकले आणि जोर लावला. खट्ट झालं.

"सुटली," मी म्हणाले.

तिचा नवरा पुढे धावला. "थांब, मी ढकलतो. जड आहे."

"तू दोन रविवार उभा होतास," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ उभा राहा."

तिने दोन्ही तळहात लोखंडावर टेकले, पाय रोवले आणि ढकललं. गंजलेली चाकं किंचाळली. फाटक वीतभर सरकलं, मग हातभर. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचं दार उघडणं, यात चमत्कार तो काय! मधल्या फटीतून माझी भाची आधी बाहेर आली आणि आईच्या पायांना बिलगली. तिला कडेवर घेऊन धाकटीने उरलेलं फाटक एका खांद्याने लोटलं आणि आत गेली.

ती तार मी दुसऱ्या दिवशी उपटली. माझं इतकं टिकाऊ काम मी पहिल्यांदाच उकरून काढलं. हेडमास्तर शेजारी उभे होते. म्हणाले, "मी चाळीस वर्षं शाळेत जे शिकवलं ते एका रविवारी विसरलो." मी म्हटलं, "मी माझी लूप मेलेलीच धरली. तुम्ही बाबावर विश्वास ठेवलात, मी सवयीवर. आपण दोघांनीही झाकण उघडलं नाही."

तेवढंच सांगायचं आहे. उद्या तुमच्या गल्लीतही काहीतरी आपोआप उघडेल, आपोआप बोलेल, आपोआप रडेल. गर्दी जमेल. कुणीतरी पुण्यवान ठरेल, आणि कुणातरी बाईला, कुणातरी प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर उभं केलं जाईल. तेव्हा हात जोडण्याआधी कापड उचलून बघा. उचलू देत नसतील, तर नक्की उचला. मी फाटकाच्या पेटीच्या झाकणावर आतून दर दुरुस्तीची तारीख लिहिते, ही माझी जुनी पद्धत आहे. या वेळी तारखेखाली एक ओळ जास्त लिहिली, पुढे कधी ही पेटी उघडणाऱ्या माणसासाठी: 'या यंत्राला माणसांतलं काही कळत नाही. माणसाबद्दल माणसालाच विचारा.'